डाव्या डोळ्याच्या मुलांना उजव्या खांद्यावर ढकलू नका

महाराष्ट्रातील नेमबाजी क्लबांचे पदाधिकारी, रेंज चालवणारे आणि प्रशिक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या रेंजवर आठवीतली एक मुलगी आली. सकाळची पहिली एसटी धरून, वडिलांबरोबर. याआधी दोन-तीन महिने ती दुसरीकडे शिकत होती. मी तिला म्हटलं, आधी तुझी पोझिशन दाखव. तिने रायफल उचलली, उजव्या खांद्याला लावली आणि मान स्टॉकवरून (रायफलचा खांद्याला-गालाला टेकणारा मागचा भाग) पलीकडे अशी ताणली की पुढचं काही बघायची गरजच उरली नाही. तिला साइटमागे, म्हणजे ज्यातून नेम धरतात त्या छिद्रामागे, डावा डोळा न्यायचा होता आणि रायफल होती उजव्या बाजूला. मी विचारलं, "बाळ, लिहितेस कुठल्या हाताने?" तिने वडिलांकडे पाहिलं आणि डावा हात हळूच वर केला. चूक कबूल करताना करतात तसा.

त्या वर झालेल्या हातासाठी मी हे पत्र लिहिते आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तो माझा होता.

२००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, तेव्हा मी सातवीत होते. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून मी कंपासपेटीत ठेवला होता आणि पुढच्याच सुट्टीत वडिलांना ओढत एका क्लबमध्ये घेऊन गेले. घरात मी डावरी म्हणून प्रसिद्धच होते. आजीने जेवणाचा आणि प्रसादाचा हात उजवा करून घेतला होता, लिहिण्याचा मात्र तिला बदलता आला नाही. त्यामुळे क्लबमध्ये सरांनी "इथे सगळ्या रायफली उजव्याच आहेत, सवय होते" असं सांगितलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. देवळात उजवा हात पुढे करायचा, इथे उजवा खांदा.

क्लबचं नाव मी लिहिणार नाही. माणसं मायेची होती, फी थकली तरी कधी कोणी परत पाठवलं नाही. पण त्या क्लबमधल्या तिन्ही रायफलींची लाकडी ग्रिप उजव्या तळव्याच्या आकारात कोरलेली होती आणि गाल टेकवायचा उंचवटा स्टॉकच्या डाव्या अंगाला होता. डाव्या खांद्यावर ती रायफल घेतली की हाताला ती उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घातल्यासारखी लागायची आणि गालाखाली सपाट लाकूड यायचं. म्हणून मी चार वर्षं उजव्या खांद्यावरून नेम धरला. डावा डोळा घट्ट मिटून. तेव्हा मुलींची मॅच ४० शॉटची असायची, ४०० पैकी गुण. मी ३७० च्या आसपास येऊन थांबले आणि तिथेच राहिले. मॅचच्या शेवटच्या दहा शॉटमध्ये मिटलेल्या डोळ्याची पापणी थरथरायची, उघड्या डोळ्यात पाणी यायचं. सर म्हणायचे, एकाग्रता वाढव. मी पहाटे उठून मेणबत्तीच्या ज्योतीकडे बघत बसायचे.

अकरावीत एका शिबिरात बाहेरून आलेल्या एका मॅडमनी मला काहीही न विचारता दोन्ही हात पुढे करायला सांगितले. पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी खिडकी कर, दोन्ही डोळे उघडे ठेव, त्या खिडकीतून समोरचं टार्गेट बघ. आता डावा डोळा मीट. टार्गेट नाहीसं झालं. डावा उघड, उजवा मीट. टार्गेट जागच्या जागी. "तुझा मास्टर आय, म्हणजे वरचढ डोळा, डावा आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षं तू झोपलेल्या डोळ्याने नेम धरते आहेस."

अर्ध्या मिनिटाची चाचणी. ती पहिल्या दिवशी झाली असती तर, असा विचार मी आजही करते.

आपल्यापैकी अनेकांना हे सगळं माहीत आहे, तरी इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात 'डावखुरा नेमबाज' या शब्दानेच घोटाळा होतो. आपण मुलाचा हात बघतो. खरं तर आधी डोळा बघायला हवा. माणसांमध्ये डावखुरे साधारण दहात एक असतात, पण डावा डोळा वरचढ असणारे साधारण तिघांत एक असतात. म्हणजे डाव्या डोळ्याच्या मुलांमध्ये बहुसंख्य मुलं उजव्या हाताने लिहिणारीच असतात आणि ती आपल्या नजरेतून सहज निसटतात. उलटही होतं. आमच्याकडे एक मुलगा आहे, क्रिकेट डाव्या हाताने खेळतो, लिहितो डाव्याने, पण डोळा स्वच्छ उजवा. त्याला मी उजव्या खांद्यावरच उभा केला आणि तो तिथे सुखात आहे. मी डाव्यांची बाजू घेऊन सगळ्यांना डावीकडे वळवत सुटले आहे, असं कृपया समजू नका.

एअर रायफलमध्ये हे इतकं महत्त्वाचं का, ते टार्गेटच सांगतं. १० मीटरवरच्या त्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पुढच्या साइटची रिंग आणि त्या रिंगमध्ये काळा गोल, ही तीन वर्तुळं एकात एक बसवून साठ वेळा ट्रिगर दाबायचा. २०१८ पासून मुलींनाही साठ शॉट आहेत आणि वेळ ७५ मिनिटं. एवढा वेळ एक डोळा मिटून ठेवला तर चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि दुसऱ्या डोळ्यावरही ताण येतो. दोन्ही उघडे ठेवावेत, तर वरचढ डोळा स्वतःचं चित्र मध्ये घुसवतो. मूल मग नकळत मान वाकवून त्या डोळ्याला साइटमागे न्यायला बघतं. मान वाकली की कानातला तोल सांभाळणारा भाग तिरका होतो, पाठ वळते आणि होल्ड, म्हणजे टार्गेटवर रोखलेला नेम, डोलायला लागतो. आपण त्याला 'पोझिशन चुकते आहे' म्हणतो. ते शरीर बिचारं डोळ्याची वाट शोधत असतं.

चाचणीचं एक सांगते. एकदाच करून मोकळे होऊ नका. काही मुलांचा कौल स्पष्ट नसतो, आज डावा, उद्या उजवा. वेगवेगळ्या दिवशी, दहा मीटरवरच्या टार्गेटवरच ती तीन-चारदा करा. त्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगा. एखाद्या मुलाचा वरचढ डोळाच जास्त अधू असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खांदा ठरवू नये.

डोळा डावा आणि हात उजवा असेल तर काय करायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं मत असं: मूल नवं असेल, महिना-दोन महिनेच झाले असतील, तर सरळ डाव्या खांद्यावर घ्या. रायफलमध्ये हातांना फार बारीक कसब लागत नाही. ट्रिगरच्या बोटाचं एक छोटंसं काम सोडलं तर बाकी सगळं हाडांवर उभं असतं, आणि ते बोट शिकतं. मूल वर्षानुवर्षं उजवीकडे खेळलेलं असेल आणि स्कोअर चांगला असेल तर त्याला उपटू नका. ब्लाइंडर लावा. न वापरायच्या डोळ्यासमोर मागच्या साइटवर लावलेली ३० मिलिमीटर रुंदीची पट्टी नियमात बसते. काळी लावू नका, दुधी रंगाची लावा, म्हणजे त्या डोळ्यालाही उजेड मिळत राहतो आणि बाहुल्या एकसारख्या राहतात. एका खांद्यावर रायफल आणि दुसऱ्या बाजूचा डोळा अशीच कुणाची मजबुरी असेल, अपघाताने किंवा आजाराने, तर भिंग नसलेलं प्रिझम किंवा आरसा वापरायचीही मुभा आंतरराष्ट्रीय नियमांनी ठेवली आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी या मुलांचा विचार केलेला आहे. राहिला आहे तो आपल्या रॅकवरच.

लहानपणी मला गप्प बसवण्यासाठी एक गोष्ट सांगितली जायची, ती तुम्हीही ऐकली असेल. हंगेरीचे कारोली ताकाच. १९३८ मध्ये हातात ग्रेनेड फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पिस्तूल धरायला शिकून १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं सुवर्णपदक मिळवलं. "बघ, मनात आणलं तर हात बदलता येतो." ताकाच यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण त्यांनी हात बदलला तो दुसरा हात उरला नव्हता म्हणून. माझे दोन्ही हात शाबूत होते. आणि पिस्तूल हात लांब करून धरतात, त्याच्या साइटमागे कुठलाही डोळा आणता येतो. रायफलला गाल टेकवावा लागतो, आणि ज्या बाजूचा गाल त्याच बाजूचा डोळा. ही गोष्ट आता एखाद्या डावऱ्या मुलाला सांगण्याआधी एवढा फरक ध्यानात घ्या, अशी विनंती आहे.

आता रायफलींबद्दल. माझ्या पत्राचा खरा भाग हाच.

सुरुवातीच्या मुलांना आपण ज्या साध्या, नळी मोडून छर्रा भरायच्या देशी एअर गन देतो, ओपन साइटच्या (छिद्राऐवजी उघड्या खाचेतून नेम धरायच्या) स्पर्धा ज्यांवर होतात, त्यांत डावं-उजवं असं फारसं नसतं. नळी मध्यावर मोडते, स्टॉक दोन्हीकडून सारखा. त्यामुळे डावखुरं मूल तिथे सहा महिने आनंदात डाव्या खांद्यावर खेळतं आणि पीप साइटला, म्हणजे छिद्रातून नेम धरायच्या रायफलीला, गेल्यावर अचानक त्याला सांगितलं जातं की आता बाजू बदल. हे मी अनेकदा पाहिलं आहे. शिकवलेलं पुसायचं आणि पुन्हा लिहायचं, तेही चुकीच्या बाजूने.

मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घेताना डाव्या नेमबाजाला तीन गोष्टी लागतात आणि त्यांचं महत्त्व सारखं नाही. सर्वांत आधी ग्रिप. ती डाव्या हाताचीच हवी, तिला पर्याय नाही. उजवी ग्रिप कानशीने घासून डाव्या हाताला बसवायचा प्रयत्न मी स्वतः केला आहे. अंगठ्याची खाच बुजत नाही, मनगट वळतं आणि ट्रिगर सरळ मागे न येता तिरका ओढला जातो. मग चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा उंचवटा. तो स्टॉकच्या उजव्या अंगाला यायला हवा, किंवा मध्यावर ठेवून दोन्हीकडे सरकणारा. लोड करायचा लीव्हर सगळ्यांत शेवटी. आश्चर्य म्हणजे पालक आणि कित्येक क्लबसुद्धा आधी लीव्हरच बघतात! १० मीटर एअर रायफलमध्ये प्रत्येक शॉटनंतर रायफल स्टँडवर टेकवायची असते. टेकवलेल्या रायफलचा लीव्हर कुठल्याही हाताने ओढला तरी पोझिशन काही बिघडत नाही, कारण पोझिशन तुम्ही मोडलेलीच असते. लीव्हर उजवीकडे आहे म्हणून रायफल नाकारू नका. ग्रिप उजवी आहे म्हणून जरूर नाकारा.

जुन्या लाकडी रायफलींना हे बदल करणं कठीण होतं. आता तसं नाही. फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, अँशुट्झ या जर्मन कंपन्यांच्या आजच्या ॲल्युमिनियम स्टॉकच्या रायफलींना ग्रिप वेगळी बसते, एका-दोन स्क्रूंवर. ती डावी किंवा उजवी, लहान, मध्यम, मोठी अशी मागवता येते. चीकपीस सरकतो, वळतो. काही मॉडेलांत लीव्हरसुद्धा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला लावता येतो. आणि क्लबांसाठी म्हणून बनवलेल्या काही रायफलींचा लाकडी स्टॉक मुळातच दोन्ही हातांसाठी सारखा असतो. अशी रायफल उजव्यालाही चालते, डाव्यालाही. म्हणजे डाव्या मुलासाठी वेगळी रायफल घेऊन ती वर्षभर रॅकवर धूळ खात पडेल, ही भीती आता बाळगायचं कारण नाही. चार रायफलींमध्ये एक अशी असली आणि पेटीत एक डावी ग्रिप असली, तर क्लबचं काम भागतं.

कायद्याचीही अडचण नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि मॅच रायफलची ऊर्जा साडेसात जूलच्या आसपासच असते. अडचण फक्त मागणीपत्राची आहे. आपण मागणी लिहितो 'मॅच एअर रायफल, नग चार' आणि पुरवठादार चारही उजव्या पाठवतो. 'पैकी एक दोन्ही हातांच्या स्टॉकची, सोबत डावी ग्रिप' एवढे शब्द जास्तीचे लिहायचे आहेत. ज्यांच्या सहीने ही मागणी जाते, त्या क्रीडा संकुलांच्या आणि शाळांच्या अधिकाऱ्यांनाही हे पत्र आहे असं समजावं.

पालकांशी बोलतानाही थोडं सांभाळावं. मुलाला स्वतःची रायफल घ्यायची वेळ येते तेव्हा काही लाखांचा प्रश्न असतो. कुणी कर्ज काढतं, कुणी गोठ्यातली म्हैस विकतं. तेव्हा कुणीतरी सल्ला देतं, उजवी घ्या, पुढे विकली तर गिऱ्हाईक मिळेल. सल्ला पैशांच्या दृष्टीने खोटा नाही, डावी रायफल जुन्या बाजारात हळू विकली जाते. पण मुलाने खेळ सोडल्यावर रायफल किती लवकर विकली जाईल या हिशोबाने ती घेतली, तर ते मूल खेळ सोडणारच. दोन्हीकडून चालणारा स्टॉक घ्या आणि ग्रिप तेवढी डावी घ्या, विकताना उजवी बसवून विका, हा मार्ग मी सुचवते. जुनी घेत असाल तर तिच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली मुदत आधी वाचा. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि त्याचा खर्च वेगळा बसतो.

जॅकेटची गोष्ट तर क्लबमध्ये कुणी काढतच नाही. शूटिंग जॅकेट डावं-उजवं असतं. खांद्यावरचं रबर, कोपराचं अस्तर, स्लिंगचा (रायफल हाताशी आवळणाऱ्या पट्ट्याचा) हूक, सगळं एका बाजूचं. क्लबचं सामाईक उजवं जॅकेट घालून डाव्या खांद्यावर रायफल घेतली की बट, म्हणजे रायफलचं खांद्याला टेकणारं टोक, सारखी निसटते आणि मूल खांदा वर उचलून ती धरून ठेवतं. मग आपण म्हणतो खांदे सैल सोड. हातमोजा उजव्या हाताचा लागतो, तोही कपाटात नसतो. माझ्या पहिल्या डाव्या वर्षात मी उजवा मोजा म्हणून बाबांच्या मोटारसायकलचा चामडी मोजा वापरला होता.

५० मीटरला मात्र हिशोब बदलतो, आणि इथे मी आग्रहाने बोलणार आहे. .२२ ची (छर्ऱ्याऐवजी काडतुसाची) रायफल प्रोनमध्ये झोपून खेळताना उजव्या नेमबाजाचा डावा हात स्लिंगमध्ये आवळलेला असतो आणि बोल्ट, म्हणजे गोळी भरताना मागे-पुढे ओढायचा दांडा, उजव्या बाजूला. तो उजव्या हाताने बोल्ट ओढतो, गोळी ठेवतो, पुढे ढकलतो. डावं कोपर, खांदा, गाल जागचे हलत नाहीत. डाव्या नेमबाजाला हाच उजवा बोल्ट दिला, तर त्याचा उजवा हात स्लिंगमध्ये अडकलेला आणि मोकळा हात डावा. तो हात रायफलवरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढायचा म्हणजे कोपर उचललं, खांद्यातून बट सुटली, गाल हलला. दर गोळीला पोझिशन नव्याने बांधायची. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, ते आमच्या कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. त्या प्रकारात गोळीगणिक पोझिशन मोडणाऱ्याला कुठलीच आशा नाही. अँशुट्झसारख्या कंपन्या डाव्या बोल्टच्या .२२ रायफली बनवतात. पण .२२ ला परवाना लागतो, आयातीची परवानगी लागते आणि त्यात महिनेच्या महिने जातात. म्हणून एखादं डावं मूल एअर रायफलमध्ये चमकायला लागलं की तेव्हाच डाव्या .२२ चा अर्ज हलवा. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकल्यापासून आमच्या भागातली मुलं 'मॅडम, फिफ्टी मीटर कधी' असं विचारत येतात. त्यांच्यात एखादं डावं असणारच.

एनसीसीच्या बंधू-भगिनींनाही एक सांगणं आहे. तुमच्या .२२ चा बोल्ट उजवा आहे आणि शिबिरात पाच-दहा गोळ्यांसाठी वेगळी रायफल येणार नाही, हे मी समजू शकते. पण एखादा कॅडेट डाव्या खांद्यावर घेऊ म्हणाला तर त्याला ओरडू नका. जपून, तुमच्या देखरेखीखाली त्याला डावीकडून मारू द्या. वेळ थोडा जास्त लागेल. त्याच्या गोळ्या टार्गेटवर किती जवळजवळ लागल्या, तो ग्रुप बघा आणि मग ठरवा.

शिकवण्याबद्दल प्रशिक्षकांना वाटतं की डावं मूल म्हणजे दुप्पट काम. माझा अनुभव उलटा आहे. उजव्या मुलाला शिकवताना उजव्या प्रशिक्षकाला त्याच्या शेजारी त्याच दिशेने उभं राहावं लागतं. डाव्या मुलाला शिकवताना उजवा प्रशिक्षक नुसता समोर उभा राहिला की मुलासाठी तो आरसाच. तुमचं कोपर जिथे, तिथे त्याने कोपर ठेवायचं. माझ्यासारखी डावी प्रशिक्षक उजव्या मुलांना असंच शिकवते, आणि मुलं भराभर उचलतात.

लेनचं मात्र लक्ष ठेवा. उजवा नेमबाज डावी कूस टार्गेटकडे करून उभा राहतो, त्याचं तोंड उजवीकडे. डावा त्याच्या उलट. त्यामुळे उजव्याच्या उजव्या हाताच्या लेनमध्ये डावा उभा राहिला की दोघं समोरासमोर येतात, एकमेकांचे श्वास दिसतात. मोठ्या स्पर्धेत ते सोसावंच लागतं आणि सरावातही कधीतरी मुद्दाम सोसावं. पण नव्या मुलाला पहिले काही महिने अशी लेन द्या की समोर भिंत असेल. त्याचा स्टँड, छर्ऱ्यांचं टेबल आणि मॉनिटर त्याच्या बाजूला फिरवून द्या. हे त्याला मागता येत नाही. सगळ्या ओळीत आपणच एकटे उलटे उभे आहोत, हे त्याला आधीच बोचत असतं.

माझं पुढे काय झालं, ते सांगून टाकते. बाजू बदलल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी ३४० च्या घरात घसरले. आई म्हणाली, चांगलं चाललेलं का मोडलंस? सहाव्या महिन्यात जुना स्कोअर परत आला, आठव्यात ३८५. डोळ्यातलं पाणी थांबलं. राज्य स्पर्धांपर्यंत खेळले, पुढे लग्न, नोकरी, आणि आता गेली काही वर्षं तालुक्याच्या गावी एका शाळेच्या रेंजवर शनिवार-रविवार शिकवते. आमच्याकडे चार एअर रायफली आहेत. एकीचा स्टॉक दोन्हीकडचा आहे.

ती आठवीतली मुलगी आता त्या रायफलवर आहे. पहिल्या दिवशी मी तिला छर्रा न भरताच डाव्या खांद्यावर रायफल घ्यायला लावली, डोळे मिटून, मग उघडून. तिने उघडले आणि म्हणाली, "मॅडम, सरळ दिसतंय." तिचे वडील मागे बाकावर बसले होते. ते उठून पुढे आले, बराच वेळ तिच्या मानेकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "घरी पण आम्ही हिचा हात बदलत होतो."

आपल्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. नाव नोंदवण्याच्या फॉर्मवर जन्मतारखेखाली 'मास्टर आय' असा एक रकाना, आणि तो भरल्याशिवाय मुलाच्या हातात रायफल द्यायची नाही. पुढच्या खरेदीत दोन्ही हातांच्या स्टॉकची निदान एक रायफल, एक डावी ग्रिप, एक डावं जॅकेट आणि उजव्या हाताचा एक मोजा. आणि जी मुलं आज तुमच्याकडे उजव्या खांद्यावर आहेत, ज्यांचा स्कोअर वर्ष-दीड वर्ष एकाच जागी अडकला आहे, त्यांची या आठवड्यात एकदा चाचणी.

माझ्याकडे मध्यम मापाची एक डावी ग्रिप आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बसेल असं एक डावं जॅकेट जास्तीचं आहे. ज्या क्लबकडे डावं मूल आहे आणि खरेदीला अजून वेळ आहे, त्यांनी सांगावं. रविवारी सकाळी मी रेंजवर असते, द्यायला स्वतः येईन. परत करायची घाई नाही, त्या मुलाला स्वतःचं मिळेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.

आपली,
कोल्हापूर जिल्ह्यातली एक डावखुरी नेमबाज